वॉशिंग्टन प्लेस ते ब्राँक्स : शिवणकामगारांच्या न्यूयॉर्कमध्ये

बुधवार

जर्सी सिटीहून पाथची गाडी नाइन्थ स्ट्रीटला सोडते. तिथून वॉशिंग्टन स्क्वेअरची कमान, मग विद्यापीठाच्या इमारतींची रांग आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ब्राउन बिल्डिंग. लेकीने ऑफिसला जाता जाता बजावलं होतं, "आई, पहिल्याच दिवशी आगीपासून सुरुवात करू नकोस." पण न्यूयॉर्कचे ज्यू आणि तिथली कामगार चळवळ यांचं नातं बघायला निघालेल्या माणसाने दुसरीकडून सुरुवात करायची तरी कुठून?

ही जुनी ॲश बिल्डिंग. २५ मार्च १९११, शनिवार, सुटीची वेळ होत आलेली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा कारखाना होता. बायकांचे ब्लाउज, तेव्हाच्या बोलीत 'शर्टवेस्ट', तिथे शिवले जात. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीने पेट घेतला. दहाव्यावर बसलेल्या मालकांना फोन गेला आणि ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला वेळेवर कुणी कळवलंच नाही. तिथलं एक दार कुलपात होतं, कारण मुली कापड चोरतील अशी मालकांना भीती. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्याच्या वर जाईना. १४६ जीव गेले, त्यांतल्या १२३ बायका आणि मुली. बहुतेक ज्यू आणि इटालियन, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या घरांमधल्या. जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलारो हे दोन लिफ्टवाले लिफ्ट चालेनाशी होईपर्यंत खेपा घालत राहिले, म्हणून कित्येक जणी वाचल्या.

इमारतीला फारसं काही झालं नाही. ती आगीला दाद न देणारी म्हणूनच बांधली होती. आज आत प्रयोगशाळा आहेत आणि पाठीला सॅक लावलेली मुलं कॉफीचे पेले घेऊन आत-बाहेर करतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे स्मारक झालं. शंभरहून जास्त वर्षं लागली. डोक्याच्या वर, इमारतीच्या दोन्ही अंगांनी पोलादाची पट्टी जाते आणि तिच्यात नावं आरपार कोरलेली आहेत. खाली कमरेच्या उंचीवर काळा चकचकीत फलक आहे. त्यात वाकून पाहिलं की वरची नावं उलटी पडतात आणि आपल्याला सुलटी वाचता येतात. मजकूर इंग्रजी, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) आणि इटालियनमध्ये. स्मारकांच्या बाबतीत मी जरा खवट आहे, हारतुरे आणि पुतळ्यांचा मला कंटाळा येतो. इथे मात्र बराच वेळ थांबले. वाचायचं तर मान खाली घालावीच लागते, एवढंच त्या रचनेत आहे आणि तेवढं पुरतं.

दरवर्षी २५ मार्चला इथले स्वयंसेवक शहरभर फिरून गेलेल्या मुलींच्या जुन्या पत्त्यांसमोर फुटपाथवर खडूने त्यांचं नाव आणि वय लिहितात. २००४ पासूनचा हा प्रघात. मी पोचले ती तारीख उलटून गेल्यावर, पण नंतर ईस्ट व्हिलेजमधून जाताना एका दारासमोर निळा खडू अजून टिकलेला दिसला. नाव पुसट झालं होतं, वय वाचता आलं, १८.

मालकांबद्दल सांगायलाच हवं. मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस. दोघेही ज्यू, दोघेही पोट भरायला अमेरिकेत आलेले आणि शिवणधंद्यातच वर चढलेले. डिसेंबर १९११ मध्ये दोघे निर्दोष सुटले, कारण दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं असं ज्युरींना पटलं नाही. पुढे दिवाणी दाव्यात माणशी ७५ डॉलर देऊन प्रकरण मिटलं. विम्याचे त्याहून कितीतरी जास्त मिळाले होते.

म्हणून 'ज्यू समाजाने कामगार चळवळीला साथ दिली' असं गुळगुळीत वाक्य मला लिहिता येत नाही. साथ होतीच, पण आधी भांडण होतं आणि ते घरातलं होतं. मशीनवर बसलेली मुलगी ज्यू, तिच्या पाठीशी उभा मुकादम ज्यू आणि वर दहाव्या मजल्यावरचा मालकही ज्यू.

दुपारी कूपर युनियनला गेले, चालत दहा मिनिटं. तळघरातलं मोठं सभागृह, ग्रेट हॉल, बाहेरून काहीच वाटत नाही. १८६० मध्ये इथे लिंकनचं भाषण झालं म्हणून लोक येतात. मी २२ नोव्हेंबर १९०९ साठी आले होते. संप करायचा की नाही यावर त्या रात्री पुढाऱ्यांची भाषणं लांबत चालली होती. व्यासपीठावर अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स बसले होते, लंडनमध्ये जन्मलेले ज्यू, मूळचे सिगार वळणारे कामगार. सगळे जपून बोलत होते. तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची पोरगी पुढे झाली. मालकांच्या भाडोत्री गुंडांनी तिला आधीच मारहाण केलेली. ती यिडिशमध्ये म्हणाली की मोघम भाषणं ऐकून मी थकले आहे, आता सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. सभा उसळली. अध्यक्षस्थानी बेंजामिन फायगेनबाउम होते. त्यांनी जुनी ज्यू शपथ घ्यायला लावली : घेतलेल्या वचनाशी गद्दारी केली तर वर केलेला हा हात झडून जावो. हजारो उजवे हात वर गेले. ही शपथ बायबलमधल्या स्तोत्रातली, येरुशलेमला न विसरण्याची. आता तिथे येरुशलेमच्या जागी युनियन आली होती. देवळात न जाणाऱ्या, देव न मानणाऱ्या समाजवाद्यांनीही ती घेतली.

'वीस हजारांचं बंड' म्हणतात ते हेच. फेब्रुवारी १९१० पर्यंत संप चालला आणि शेकडो कारखान्यांनी करार केले. ट्रँगलने युनियनला मान्यता दिली नाही. मागण्यांमध्ये उघडी दारं आणि धड जिने हेही होतं.

क्लाराबाईंना पुढे काळ्या यादीत टाकलं गेलं. त्या म्हातारपणी लॉस एंजेलिसच्या ज्यू वृद्धाश्रमात होत्या. तिथेही त्यांनी व्यवस्थापनाला शेतमजुरांच्या बाजूने द्राक्षांवर बहिष्कार घालायला लावलं आणि सेवकांना युनियन बांधायला मदत केली. खोड जात नाही म्हणतात ती अशी.

गुरुवार

आज लोअर ईस्ट साइड. ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ नंबरची पाच मजली इमारत आता टेनेमेंट म्युझियम आहे. १८६३ मध्ये बांधलेली, तीन तीन खोल्यांची बिऱ्हाडं, सगळी मिळून सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. सोबतचे अमेरिकन पाहुणे "एवढ्याशा जागेत?" म्हणत होते. लालबागच्या दहा बाय दहात मोठी झालेली मी गप्प राहिले.

लेव्हिन कुटुंबाचं बिऱ्हाड त्यांनी १८९० च्या दशकातल्यासारखं लावलं आहे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, स्वयंपाकघरातल्या चुलीवर इस्त्रीची लोखंडं तापायची आणि त्याच खोलीत पाळणा. घर हाच कारखाना. धंदा चालायचा तो असा : मोठा व्यापारी कापून ठेवलेलं कापड ठेकेदाराला द्यायचा, ठेकेदार ते आपल्या घरात दोन-चार जणांना बसवून शिवून घ्यायचा. स्पर्धा एवढी की मजुरी पाडल्याशिवाय ठेका मिळायचा नाही. आणि ही बसवलेली माणसं कोण? बहुधा ठेकेदाराच्याच गावची. रशिया-पोलंडमधल्या प्रत्येक गावाचं इथे एक मंडळ होतं. आजारपणात मदत, प्रार्थनेची जागा, मेल्यावर दफनाची जमीन, सगळं गावाच्या नावाने. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. गावकीत मालकाविरुद्ध बोलणं किती अवघड, तेही त्यांना ठाऊक असेल.

इथे माझ्या घरचा एक संबंध येतो. माझे वडील परळच्या इंडिया युनायटेड मिल नंबर एकमध्ये होते. ही मूळची जेकब ससून मिल. ससून हे बगदादहून आलेले ज्यू. मुंबईच्या कामगारांच्या आठवणीत ज्यू माणूस आला तर तो असा, गिरणीच्या जुन्या नावात, मालक म्हणून. न्यूयॉर्कमध्ये ज्यू माणूस मशीनच्या दोन्ही बाजूंना होता, हे फरकाचं मूळ.

दुपारी ईस्ट ब्रॉडवे. आजूबाजूच्या चार-पाच मजली घरांमधून 'फॉरव्हर्ट्स' या यिडिश वर्तमानपत्राची दहा मजली इमारत अजूनही मान उंच करून उभी आहे. १९१२ ची. दर्शनी भागावर मशाली कोरल्यात आणि मार्क्स-एंगल्सचे चेहरेही. वर्तमानपत्र निघालं १८९७ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे व्हिल्नात ज्यू कामगारांची 'बुंद' ही संघटना स्थापन झाली. १९०५ च्या क्रांतीनंतर रशियात धरपकड आणि दंगली वाढल्या तेव्हा बुंदचे तयार कार्यकर्ते बोटी भरून न्यूयॉर्कला आले. संप कसा बांधायचा, पत्रकं कशी वाटायची, पोलिसांना काय उत्तर द्यायचं, हे शिकून आलेले. डेव्हिड दुबिन्स्की त्यांतलेच. सैबेरियातून निसटून १९११ मध्ये आले आणि १९३२ ते १९६६ महिला-वस्त्र कामगारांच्या युनियनचे, आयएलजीडब्ल्यूयूचे, अध्यक्ष राहिले.

संपादक अब्राहम कहान मोठा चतुर माणूस. संपाच्या काळात पेपर म्हणजे युनियनचं कार्यालयच, पण १९०६ पासून त्याने वाचकांच्या पत्रांचं सदर चालवलं, 'बिंटेल ब्रीफ'. नवरा सोडून गेला, मुलगा यिडिश बोलायला लाजतो, समाजवादी असून सणाला देवळात गेलो तर चालेल का, असे प्रश्न. पेपरच्या पाठीशी 'आर्बेटर रिंग' ही कामगारांची परस्पर साहाय्य संस्था होती, विमा, डॉक्टर, मुलांच्या शाळा आणि स्मशानभूमीसुद्धा बघणारी. युनियन हा शब्द ऐकून आपण फक्त मजुरीच्या वाटाघाटी डोळ्यांसमोर आणतो. इथे तो जन्मापासून मरणापर्यंतचा सगळा व्यवहार होता.

फॉरव्हर्ट्सच्या इमारतीत आता श्रीमंतांचे फ्लॅट आहेत. दारवानाने मला आत डोकावू दिलं नाही, त्याचंही बरोबरच.

पलीकडे चायनाटाउन सुरू होतं. कोलंबस पार्कमध्ये म्हातारे चिनी बाबा पट मांडून बसले होते. २४ जून १९८२ रोजी ह्याच बागेत सुमारे २०,००० शिवणकामगार जमले, जवळजवळ सगळ्या चिनी बायका, त्याच आयएलजीडब्ल्यूयूच्या सभासद. चिनी ठेकेदारांनी युनियनच्या करारावर सही करायला नकार दिला होता. म्हणाले, आपण सगळे चिनी, ह्या गोऱ्या युनियनवाल्यांचं काय ऐकता? बायकांनी संप केला आणि ठेकेदार भराभर नमले. सत्तर वर्षांपूर्वी फक्त भाषा यिडिश होती, बाकी युक्तिवाद अक्षर न् अक्षर हाच : मालक आपल्यातला आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत आमचा संप सुरू झाला होता. तो कसा संपला, किंवा संपलाच नाही, ते इथे लिहीत नाही.

शुक्रवार

पाऊस. गार्मेंट डिस्ट्रिक्टमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर ज्युडिथ वेलर यांनी १९८४ मध्ये केलेला ब्राँझचा शिंपी पाहिला. डोक्याला ज्यूंची गोल टोपी, हात मशीनवर. पुतळा चांगला आहे. तो पुरुषाचा आहे, एवढंच माझं म्हणणं. संप ज्यांनी केले त्यांतल्या बहुतेक मुली होत्या.

तिथून एका गल्लीवर, ब्रॉडवेवर, जुनं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस होतं. ते पाडून आता ऑफिसांचा टॉवर झाला आहे. आगीनंतर आठवड्याभराने, २ एप्रिल १९११ ला, शहरातल्या भल्या लोकांनी इथे सभा घेतली. रोझ श्नायडरमन ही टोप्या शिवणारी कामगार बोलायला उभी राहिली. आवाज चढवला नाही म्हणतात. तुमच्या सद्भावनेचं कौतुक करायला मी उभी राहिले तर ह्या जळालेल्या देहांशी गद्दारी होईल, असं तिने गोड बोलणाऱ्यांना तोंडावर सांगितलं. पुढे राज्याने चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, अल स्मिथ उपाध्यक्ष, गॉम्पर्स सभासद. त्यातून तीसहून अधिक कायदे आले. आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या.

उरलेला दिवस सोळाव्या रस्त्यावर, जिथे बुंदची कागदपत्रं जपून ठेवली आहेत. ज्यू लेबर कमिटीबद्दल वाचलं. १९३४ मध्ये बारुख चार्नी व्लादेक यांनी ती उभी केली, हिटलरविरुद्ध युनियनची ताकद लावायला : जर्मन मालावर बहिष्कार आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर तिथे अडकलेल्या शेकडो कामगार पुढाऱ्यांसाठी व्हिसा. व्हिसा मिळवताना ज्यू नसलेल्यांनाही घेतलं. त्या बदल्यात अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने आपलं वजन खर्च केलं. भागीदारी म्हणायची तर ही, दोन्ही बाजूंनी काहीतरी टेबलावर ठेवलेली.

शनिवार

लेकीला सुटी, म्हणून ती बरोबर. ग्रँड स्ट्रीटला उतरून बियाली हा ज्यूंचा पाव खाल्ला. मधे खळगा, त्यात परतलेला कांदा. तिला बेगल, म्हणजे मधे भोक असलेला पाव, जास्त आवडतो. बेगलचीही इथे युनियन होती, लोकल ३३८, सुमारे तीनशे माणसांची, आणि कामकाज यिडिशमध्ये. १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्या वादात शहरातल्या ३४ पैकी ३२ बेकऱ्या बंद पडल्या आणि बेगलचा दुष्काळ पडला. पुढे यंत्र आलं आणि तीनशे हातांची गरज संपली. "म्हणजे एआयसारखंच," लेक म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

ग्रँड स्ट्रीटच्या पूर्व टोकाला नदीपर्यंत विटांच्या उंच इमारती आहेत. ॲमलगमेटेड ड्वेलिंग्ज, हिलमन हाउसेस, ईस्ट रिव्हर, सिवर्ड पार्क. सगळ्या शिवणकामगारांच्या युनियनांनी आणि त्यांच्या सहकारी चळवळीने १९३० पासून पुढच्या तीस वर्षांत उभ्या केलेल्या. आज शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्यामुळे काळे कोट घातलेली कुटुंबं रमतगमत देवळातून परतत होती.

पण ही घरं आता बाजारभावाने विकली जातात. मूळ नियम असा होता की घर सोडताना भरलेली रक्कम परत घ्यायची, नफा नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीला सभासदांनीच मतदान करून तो काढून टाकला. ज्यांनी तेव्हा विकली त्यांनी पैसे केले. मला राग आला, लेकीला आला नाही. "आई, म्हाडाचं घर दहा वर्षांनी विकायला मिळालं तर डोंबिवलीत कोण नाही म्हणेल?" उत्तर सुचलं नाही.

चेल्सीतल्या पेन साउथने उत्तर दिलं. आयएलजीडब्ल्यूयूच्या पैशांतून दहा इमारती, २,८२० घरं. १९ मे १९६२ ला राष्ट्राध्यक्ष केनेडी उद्घाटनाला आले. इथेही हाच प्रश्न अनेकदा मताला टाकला गेला आणि दर वेळी सभासदांनी नफा नाकारला. भोवती करोडोंचे टॉवर आणि मधे ही झाडं, बाकं, बाकांवर म्हातारी माणसं. नागरी हक्क चळवळीचे ए. फिलिप रँडॉल्फ आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संयोजक बेयर्ड रस्टिन दोघेही इथले रहिवासी. योगायोग नव्हे, युनियनशी त्यांची जुनी दोस्ती होती.

आता कडू भाग. त्याच १९६२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे हर्बर्ट हिल यांनी संसदेच्या समितीपुढे ह्याच युनियनवर आरोप केले : सभासद आता कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन बायका, पण वरच्या खुर्च्यांवर अजून जुनी ज्यू मंडळीच, आणि चांगल्या मजुरीची कापण्याची कामं नव्यांना मिळत नाहीत. दुबिन्स्की भडकले. आरोपांत तथ्य होतं असं मला वाटतं. खुर्च्या कुणीच आपणहून रिकाम्या करत नाही, मग ती व्यक्ती सैबेरियातून पळून आलेली का असेना.

रविवार

चार नंबरच्या गाडीने मोशोलू पार्कवे, मग जलाशयाच्या कडेने चालत ॲमलगमेटेड हाउसिंग को-ऑपरेटिव्ह. सिडनी हिलमन यांच्या पुरुष-वस्त्र कामगार युनियनने आणि अब्राहम काझान यांनी १९२७ मध्ये ३०३ घरांनी सुरुवात केली. नफ्यावर मर्यादा असलेली देशातली सगळ्यात जुनी टिकून राहिलेली गृहसंस्था हीच.

पैसा कुठून आणला ते मला जास्त रसाळ वाटतं. १९२६ च्या राज्य कायद्याने करात सवलत मिळाली. मोठं कर्ज मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीकडून. सभासदाने खोलीमागे ५०० डॉलर भरायचे, आणि शिवणकामगाराकडे तेवढे कुठले? तर युनियनची स्वतःची बँक होती, १९२३ ची, आणि फॉरव्हर्ट्सने कर्जाला पाठबळ दिलं. वर्तमानपत्र, बँक, युनियन, घर, एका साखळीत. मी आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसले आणि युनियनची वर्गणी भरली. आमच्या युनियनने स्वतः बँक काढावी हे कधी कुणाला सुचलं नाही.

त्याच सुमाराला ब्राँक्समध्ये ज्यू कामगारांच्या आणखी वसाहती झाल्या. कम्युनिस्टांची ॲलर्टन ॲव्हेन्यूजवळ, यिडिश संस्कृतीवाल्यांची लेखक शोलेम अलेइखेम यांच्या नावाची, श्रमिक झायनवाद्यांची वेगळी आणि ही समाजवाद्यांची. एकमेकांशी पटेना, म्हणून चार वसाहती. लाल बावट्याचे तुकडे मोजत वाढलेल्या मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. त्यांतली कम्युनिस्टांची वसाहत १९४३ मध्ये सहकारी राहिली नाही. असं सांगतात की तत्त्व म्हणून त्यांना भाडं वाढवणं जमलं नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं देण्यात मात्र तेच सगळ्यांच्या पुढे होते. ॲमलगमेटेडमध्ये काझानसाहेबांनी हिशेब चोख ठेवला, दूध आणि बस एकत्रित घेतलं, आणि मंदीतूनही संस्था तरली.

पहिल्या इमारतींच्या आत अंगण आहे. बाकावर एक नव्वदीच्या आजी होत्या, जन्म इथलाच, वडील कोट कापायचे. शेजारी आता कोण राहतं विचारलं तर बोटांवर मोजत म्हणाल्या, डॉमिनिकन, आयरिश, बांगलादेशी, दोन जुने ज्यू. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी मॉल, टॉवर आणि घरासाठी लॉटरीच्या रांगेत उभी राहिलेली कामगारांची मुलं सांगितली. त्यांनी लगेच मुद्द्यावर बोट ठेवलं : "युनियनच्या नावावर जमीन नव्हती?" नव्हती.

मग विषय त्यांच्या इमारतीवर आला. कुत्रे पाळू द्यायचे की नाही यावर गेल्या सभेत रात्री अकरापर्यंत भाषणं झाली होती. बाजूने सात वक्ते, विरोधात नऊ, आणि एकाने मुद्द्याचा संबंध थेट १९१७ शी जोडला.

"मग काय ठरलं?" लेकीने विचारलं.

"समिती नेमली," आजी म्हणाल्या. "मी अध्यक्ष आहे."